सात टनांचा ट्रेलर आणि पेट्रोलचं इंजिन

जड वाहन म्हणजे डिझेल, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, बाजार समितीत भाजी घेऊन येणारा बोलेरो पिकअप, ही सगळी मंडळी मुख्यतः डिझेलवरच वाढली. अमेरिकेत मोठे ट्रेलर ओढणाऱ्या लोकांचीही बराच काळ हीच समजूत होती आणि आजही बऱ्याच जणांची आहे. तरीही २०२० च्या मॉडेलवर्षात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट घडली. मोटारींची इंजिनं सगळीकडे लहान होत चालली असताना फोर्डने आपल्या ‘सुपर ड्यूटी’ पिकअपसाठी ७.३ लिटरचं आणि जनरल मोटर्सने आपल्या हेवी ड्यूटी गाड्यांसाठी ६.६ लिटरचं, अशी दोन नवी पेट्रोल इंजिनं बाजारात आणली. दोन्ही आठ सिलिंडरची, दोन्हींचा ब्लॉक बिडाचा, दोन्ही टर्बोशिवाय श्वास घेणारी. रॅम या तिसऱ्या ब्रँडकडे ६.४ लिटरचं ‘हेमी’ पेट्रोल इंजिन आधीपासून होतंच. नवं इंजिन घडवायला अफाट पैसा लागतो. गिऱ्हाईक नसताना कोणी तो खर्च करत नाही. माझ्या मते हे गिऱ्हाईक शहाणं आहे. वर्षातून काही वेळा पाच-सात टनांचा ट्रेलर ओढणाऱ्या माणसासाठी पेट्रोलची हेवी ड्यूटी पिकअप ही तडजोड नसून बहुतेक वेळा तीच योग्य निवड असते. ती कमजोर वाटते, कारण आपण तिला कानाने आणि जाहिरातीतल्या एकाच आकड्याने मोजतो.

आधी ही गाडी म्हणजे काय ते पाहू, कारण ‘पिकअप’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगळंच वाहन येतं. फोर्डची एफ-२५० आणि एफ-३५०, शेव्हरोलेची सिल्व्हराडो २५०० आणि ३५००, रॅम २५०० आणि ३५०० ही अमेरिकेतली हेवी ड्यूटी पिकअप. जुन्या वर्गवारीनुसार तिथले लोक त्यांना अजून ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या त्याहून कितीतरी जास्त वजन पेलतात. रिकामी गाडीच तीन टनांच्या वर भरते. पाच-सहा माणसं बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा, खाली शिडीसारखी चौकट आणि मागच्या अ‍ॅक्सलला बहुतेक वेळा जाड पाटे. बांधकामाचा कंत्राटदार तिच्यामागे छोटं जेसीबी लादलेला ट्रेलर जोडतो, घोडे पाळणारा घोड्यांचा, शेतकरी गुरांचा किंवा गवताच्या गठ्ठ्यांचा, आणि निवृत्त जोडपं चाकांवरचं घर जोडून देशभर हिंडतं. ट्रेलर जोडण्याच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. एक, बंपरखालच्या हिचच्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी टेकवायची. दुसरी, हौद्यातच, मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर जोड बसवायचा. त्याचे ‘गूसनेक’ आणि ‘फिफ्थ व्हील’ असे प्रकार आहेत. पहिल्या तऱ्हेत ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के आणि दुसऱ्या तऱ्हेत १५ ते २५ टक्के भार पिकअपच्या अंगावर येतो. ही टक्केवारी वाचकाने ध्यानात ठेवावी, ती पुढे फार कामाला येणार आहे.

आता त्या एका आकड्याकडे, म्हणजे टॉर्ककडे वळू. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४८५ पौंड-फूट टॉर्क देतं. त्याच गाडीत मिळणारं ६.७ लिटरचं सर्वांत ताकदवान डिझेल १२०० देतं. हे आकडे शेजारी ठेवले की प्रश्नच संपला असं वाटतं, आणि विक्रेत्यालाही ते तसंच वाटायला हवं असतं. पण टॉर्क म्हणजे नुसता पीळ. तो मिनिटाला किती फेऱ्यांनी मिळतो हे कळल्याशिवाय त्यातून किती काम होईल ते सांगता येत नाही. पेट्रोल इंजिन आपले ४८५ देतं ४००० फेऱ्यांना, डिझेल आपले १२०० देतं १६०० फेऱ्यांना. आता गुणाकार करून पाहा. ४८५ गुणिले ४००० म्हणजे १९ लाख ४० हजार. १२०० गुणिले १६०० म्हणजे १९ लाख २० हजार. त्यांना ५२५२ ने भागलं की अश्वशक्ती निघते: पहिल्याकडे ३६९, दुसऱ्याकडे ३६६. म्हणजे त्या क्षणी दोन्ही इंजिनं जवळपास सारखंच काम करत असतात. चढावर ट्रेलर किती वेगाने वर जाईल हे या शेवटच्या आकड्यावर ठरतं, कारण इंजिनाच्या फेऱ्यांचं चाकावरच्या ताकदीत रूपांतर करायला मध्ये गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल असतंच. आजचे दहा गिअरचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ४.३० सारखं डिफरन्शियलचं गुणोत्तर पेट्रोल इंजिनाला हव्या त्या फेऱ्यांवर धरून ठेवतात. पूर्वी चारच गिअर असत तेव्हा दोन गिअरमधली दरी मोठी असे. वरच्या गिअरमध्ये गाडी गुदमरे आणि खालच्यात किंचाळे. डिझेलची कीर्ती बऱ्याच अंशी त्या काळातली आहे.

प्रत्यक्ष गरज किती, याचाही हिशेब मांडता येतो. पिकअप आणि ट्रेलर मिळून ९ टन वजन आहे, चढ ६ टक्क्यांचा आहे आणि वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर आहे असं धरू. नुसतं वजन वर उचलायला १७५ अश्वशक्ती लागते. पेटीसारख्या उंच ट्रेलरला हवेचा अडसर आणि टायरचं घर्षण धरून आणखी शंभरेक. गिअर आणि अ‍ॅक्सलमध्ये जाणारी गळती मिळवली की इंजिनाकडून सव्वातीनशेच्या आसपास मागणी होते. ७.३ लिटरच्या इंजिनाची कमाल ४३० आहे. म्हणजे ते हा चढ याच वेगाने चढू शकतं. फक्त चारेक हजार फेऱ्यांवर चढतं, आणि केबिनमध्ये त्याचा आवाज भरून राहतो. इथेच कान फसवतो. डिझेलची घरघर ऐकायची सवय असलेल्या माणसाला ४००० फेऱ्यांचा आवाज म्हणजे इंजिनाच्या जिवावर बेतल्यासारखा वाटतो. वास्तविक या इंजिनांचे क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचे आहेत आणि अशा फेऱ्या धरूनच ती बेतलेली आहेत.

कंपन्यांचे दावे कोण तपासणार, हा रास्त प्रश्न आहे. २०१० च्या आधी ओढण्याची क्षमता प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने जाहीर करायची. मग सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेचा ‘जे२८०७’ नावाचा समान मापदंड आला. २०११ च्या सुमारास टोयोटाने तो प्रथम स्वीकारला आणि पुढच्या काही वर्षांत फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांनीही. त्यातली सर्वांत कठीण परीक्षा अ‍ॅरिझोनात, कोलोराडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून निघणाऱ्या राज्यमार्ग ६८ वरची. वाळवंटातला ११.४ मैलांचा रस्ता, एकूण चढ सुमारे ३००० फूट, पायथ्याशी तापमान ३८ अंशांच्या आसपास. खिडक्या बंद, एसी पूर्ण जोरात, मागे कमाल वजनाचा ट्रेलर. गाडी तापता कामा नये, डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागता कामा नये, आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. ती मर्यादा मागे दोन चाकं असलेल्या गाडीसाठी ताशी ४० मैल आणि मागे चार चाकं असलेल्या गाडीसाठी ३५ मैल आहे. याशिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा गाडी हलवून दाखवावी लागते. इंजिनिअरांनी सुरक्षित आणि पुरेसा म्हणून जो वेग ठरवला तो ४० मैलांचा आहे, हे इथे महत्त्वाचं. भर चढावर ७० मैलांनी जाणं ही चैन आहे, गरज नव्हे. पेट्रोलच्या पाऊण टनी गाड्या या कसोटीवर १६ ते १८ हजार पौंडांपर्यंतचे, म्हणजे सात-आठ टनांचे ट्रेलर ओढायला पात्र ठरतात.

यावर जाणकार माणूस लगेच रॉकी पर्वताचं नाव घेईल, आणि त्याचा आक्षेप खरा आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फूट उंचीला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होत जाते. कोलोराडोत आंतरराज्य महामार्ग ७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. तिथे पोहोचेपर्यंत ४३० अश्वशक्तीचे जेमतेम ३०० उरतात. डिझेलचा टर्बो मात्र विरळ हवा दाबून भरतो आणि आपली बहुतेक ताकद राखतो. डिलन गावाकडून बोगद्यापर्यंतचा सुमारे ८ मैलांचा आणि काही ठिकाणी ७ टक्क्यांचा चढ ९ टनांनिशी चढताना पेट्रोलची गाडी ताशी ४५ मैलांवर येईल, डिझेल ६० धरून ठेवेल. फरक दिसतो, जाणवतो, मागच्या मोटारींच्या दिव्यांतूनही कळतो. पण वेळेत मोजला तर तो तीन मिनिटांहून कमी भरतो. ज्याचा रोजचा रस्ताच कोलोराडोतून किंवा यूटातून जातो त्याने डिझेल घ्यावं, यात मला शंका नाही. टेक्सास, ओहायो किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या आणि दोन-तीन वर्षांतून एकदा डोंगर ओलांडणाऱ्या माणसाने त्या तीन मिनिटांसाठी काय मोजावं, हा वेगळा प्रश्न आहे.

चढापेक्षा मला उताराचा मुद्दा अधिक गंभीर वाटतो. चढावर इंजिन कमी पडलं तर उशीर होतो, उतारावर ब्रेक कमी पडले तर जीव जातो. त्या बोगद्यापासून डिलनपर्यंत ९ टनांची जोडगाडी सहाशे मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती दीडशे लिटरहून अधिक गार पाणी उकळायला पुरेल. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर टाकली तर त्या लाल होतील. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या ट्रकवाल्यांचा नियम तिथेही तसाच लागू आहे. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप असते; पाय काढला की ती मिटते, आत पोकळी तयार होते आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलला मुळात अशी झडप लागत नाही, म्हणून नुसतं पाय काढून ते फारसं अडवत नाही. पण आजच्या डिझेल पिकअपमध्ये टर्बोची पाती मिटवून धूर कोंडणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो आणि तो पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी जोरात धरतो. हा गुण निर्विवाद डिझेलचा. पेट्रोलच्या गाडीत ‘टो-हॉल’ची कळ दाबली की गिअरबॉक्स आपणहून खालचे गिअर टाकतो, इंजिन साडेचार-पाच हजार फेऱ्यांवर ओरडत उतरतं, आणि मधूनमधून ब्रेक दाबून सोडावा लागतो. शिवाय ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांचा जोर ठरवायची खुंटी ड्रायव्हरच्या हाताशी असते. ते ब्रेक नीट जुळवलेले असतील आणि उतार सुरू होण्याआधीच वेग कमी केलेला असेल, तर सात टनांपर्यंत पेट्रोलची गाडी सुरक्षित उतरते. त्यापुढे, आणि रोज उतरायचं असेल तर, एक्झॉस्ट ब्रेकला पर्याय नाही.

पैशांचा हिशेब मात्र डिझेलच्या बाजूने बोलणाऱ्यांनी बहुतेक वेळा अर्धवट मांडलेला असतो. डिझेल इंजिनासाठी या गाड्यांवर जवळपास दहा हजार डॉलर जास्त द्यावे लागतात. त्या बदल्यात डिझेल कमी इंधन खातं, हे खरं. जड ट्रेलर ओढताना पेट्रोलची गाडी गॅलनला आठेक मैल देते, डिझेलची अकराच्या आसपास. समजा एखादा माणूस वर्षाला १५ हजार मैल चालवतो, त्यातले ५ हजार ट्रेलरसह. रिकामी असताना पेट्रोल १३ आणि डिझेल १७ मैल देतं असं धरलं, तर वर्षाला पेट्रोल १३९४ गॅलन लागतं आणि डिझेल १०४३. पेट्रोल ३.२० आणि डिझेल ३.८० डॉलर गॅलन असेल, आणि अमेरिकेत डिझेल गेली बरीच वर्षं महागच आहे, तर बचत होते वर्षाला सुमारे ५०० डॉलर. दहा हजार भरून यायला वीस वर्षं. यात डिझेलला लागणारं जास्तीचं ऑइल, महागडे फिल्टर आणि युरियाचं द्रावण मी धरलेलंच नाही. उलट, वर्षाला ६० हजार मैल भरलेला ट्रेलर ओढून पोट भरणारा माणूस त्याच भावात वर्षाला ३२०० डॉलरहून जास्त वाचवतो आणि तीन वर्षांत मोकळा होतो. डिझेल त्याच्यासाठी आहे. डिझेलच्या जुन्या गाडीला चांगली किंमत येते हेही खरं आहे, पण ती किंमत आधी भरलेल्या दहा हजारांतूनच परत येत असते.

या दहा हजारांमागे एक कारण आहे आणि ते आपल्यालाही ओळखीचं आहे. अमेरिकेत २००७ पासून डिझेलच्या धुरातली काजळी पकडणारे फिल्टर आले, पुढे २०१० च्या सुमारास नायट्रोजनचे ऑक्साइड मारण्यासाठी युरियाच्या द्रावणाची टाकी आली. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा हेच सगळं भारतीय ट्रकांवर चढलं आणि मारुतीने तर डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. काजळीचा फिल्टर स्वच्छ राहायला इंजिन लांब पल्ल्याला, भाराखाली, गरम चालावं लागतं. पण ज्याचा ट्रेलर वर्षातले दहा महिने अंगणात उभा असतो, त्याची पिकअप एरवी मुलांना शाळेत सोडते आणि किराणा आणते. अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्या हाच त्या फिल्टरचा शत्रू. युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, म्हणून ते गरम ठेवायची यंत्रणा वेगळी. डिझेल स्वच्छ ठेवणं किती अवघड आहे याचा अंदाज एका खटल्यावरून येतो. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमध्ये प्रदूषण-नियंत्रण चुकवणारी साधनं होती, असा आरोप अमेरिकी सरकारने त्यांची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सवर ठेवला. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवलं. या पार्श्वभूमीवर साधं, मोठं, टर्बोशिवायचं पेट्रोल इंजिन कंपन्यांना पुन्हा का आठवलं ते कळतं. त्याच्या धुराला उत्प्रेरकाची एक नळी पुरते आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ते खोलू शकतो.

पेट्रोलची खरी अडचण पंपावर कळते. आठ मैलांच्या हिशेबाने ३५ गॅलनच्या टाकीत गाडी २८० मैल जाते, म्हणजे मनात धाकधूक नको असेल तर सव्वादोनशे मैलांवर थांबायलाच हवं. आणि थांबायचं कुठे? डिझेलवाल्याला ट्रकांसाठीच्या रुंद रांगा मिळतात, सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येतं. पेट्रोलवाल्याला साध्या मोटारींच्या पंपावर, खांबांच्या आणि छताच्या अडचणीत, पंधरा मीटरची जोडगाडी वळवावी लागते. उन्हाळ्यातल्या लांब प्रवासात हा त्रास रोज दोनदा होतो आणि त्यावर काही इलाज नाही. आधी नकाशा पाहून मोठे पंप हेरून ठेवणं, एवढंच.

शेवटी वजन. वाद सगळा इंजिनावर चालतो, पण पाऊण टनी गाडीत इंजिनाच्या कितीतरी आधी पाटे आणि अ‍ॅक्सल संपतात. अशा अनेक गाड्यांची भरलेल्या अवस्थेतली कमाल मर्यादा १०,००० पौंड, म्हणजे ४५३६ किलो असते. समजा पेट्रोलची गाडी रिकामी ३०५० किलोची आहे. तर अंगावर घ्यायला १४८० किलो उरतात. चार माणसं आणि सामान २८० किलो, हौद्यातला जोड ८० किलो, राहिले ११२०. फिफ्थ व्हीलचा २० टक्के भार धरला तर ट्रेलर साडेपाच टनांपर्यंत चालेल. आता तीच गाडी डिझेल इंजिनासह, साडेतीनशे किलो जड. त्याच माणसांसह तिच्याकडे ७७० किलो उरतात, म्हणजे ट्रेलर चार टनांच्याही आत! जाहिरातीत तिची ओढण्याची क्षमता दुप्पट लिहिलेली असते आणि ती खोटीही नसते. ती ओढू शकते, पाठीवर घेऊ शकत नाही. डिझेलच्या ताकदीचा उपयोग करायचा तर एक टनी गाडी घ्यावी लागते, म्हणजे खर्च आणखी वाढला.

गाडी अंगावर किती भार घेऊ शकते हा आकडा शोधायला माहितीपुस्तिका नको. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर त्याच गाडीचा, तिच्यावर बसवलेल्या सगळ्या सोयींसह, माणसं आणि माल मिळून कमाल भार लिहिलेला असतो. गाडी खरेदी करण्याआधी दार उघडून तो वाचावा. मग ट्रेलर जोडून, पाणी-सामान भरून, माणसं बसवून महामार्गावरच्या ट्रकथांब्यावरच्या वजनकाट्यावर उभं राहावं. काटा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन आकडे वेगळे देतो. मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर गेला असेल तर ट्रेलरमधलं सामान मागे सरकवावं असं कुणालाही सुचेल. पण गोळ्यावरच्या जोडात पुढचा भार १० टक्क्यांच्या खाली आला की ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डोलू लागतो आणि पिकअपलाही ओढून नेतो. म्हणून सामान सरकवण्याऐवजी ते कमीच करावं, नाहीतर लहान ट्रेलर घ्यावा.